क्रमांकांचे फडणीस

मोटार दुरुस्तीच्या कोणत्याही मध्यम प्रतीच्या गॅरेजात, जेथे मालक गणपतीच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळल्यावाचून गल्ला उघडीत नाही आणि फिटरमंडळी पहिला चहा वसूल केल्यावाचून गाडीखाली शिरत नाहीत, तेथे मागल्या अंगाला जाळीच्या दरवाजाआड एक अंधारी खोली असते. आणि त्या खोलीत ऑईल सील, क्लच प्लेटा व गॅस्केटे यांच्या थप्प्यांमध्ये एक गृहस्थ विराजमान असतात, ज्यांचे पाळण्यातील नाव पगारपत्रकावाचून अन्यत्र आढळत नाही. कोठे ते नाना असतात, कोठे भाऊ. पुण्याकडे बहुधा अण्णा. हुद्द्याने ते स्टोअरकीपर. परंतु त्यांचा एकंदर रुबाब आणि किल्ल्यांचा जुडगा पाहता पेशवे दफ्तरातील एखादे फडणीस वाट चुकून स्पेअर पार्टांत येऊन पडले असावेत, असा भास होतो.

अण्णांच्या विद्वत्तेचा प्रत्यय येण्यास फार थांबावे लागत नाही. फिटर जाळीशी येतो तो वस्तूचे नाव घेऊन क्वचितच येतो, क्रमांक घेऊन तर कधीच नाही. "अण्णा, त्या पांढऱ्या स्विफ्टचा तो हा द्या," एवढीच त्याची फिर्याद असते. आणि अण्णा वर्तमानपत्रातून डोके न उचलता हात मागे नेऊन नेमका तो 'हा' काढून देतात. बेअरिंगचे क्रमांक हा त्यांचा व्याकरणाचा प्रांत. ६२०४ या संख्येतील शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणिले असता आतल्या भोकाचा व्यास, म्हणजे वीस मिलिमीटर, निघतो. ६२०५ ला पंचवीस. परंतु ६२०३ ला पंधरा न निघता सतरा निघतात, हा अपवाद ते नवशिक्या पोराला अशा काही स्वरात सांगतात की, पाणिनीने तो केवळ विस्मृतीमुळे गाळला असावा असे त्या पोराला वाटते. मारुतीच्या क्रमांकात आरंभी १६५१० आले की तो इंजिन ऑईलचा फिल्टर, मागचे अक्षर काहीही असो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी अवतीर्ण होऊन प्रत्येक वस्तूस नवा सरकारी संकेतांक चिकटला, तेव्हा अवघा बाजार हवालदिल झाला. अण्णांनी मात्र भागांस ८७०८, बेअरिंगास ८४८२ आणि फिल्टरांस ८४२१ हे आठवडाभरात रामरक्षेसारखे मुखोद्गत केले.

तथापि त्यांचे खरे वतन म्हणजे वंशावळ. कंपन्या एखाद्या भागात तिळभर फेरफार करतात, किंवा निव्वळ पुरवठादार बदलतात, आणि जुना क्रमांक बरखास्त करून नव्यास गादीवर बसवितात; हा नवाही काही वर्षांनी पदच्युत होतो. अशा चार-चार पिढ्यांचा वारसा अण्णांना तोंडपाठ असतो. त्यातील मर्मही ते जाणतात, आणि हे मर्म कोणत्याही कॅटलॉगपेक्षा त्यांनीच नेमके मांडले आहे: "मुलगा बापाच्या जागी बसतो, बाप मुलाच्या जागी बसेलच असे नाही."

अशा या सुव्यवस्थित राज्यावर एके दिवशी संगणकाची स्वारी झाली. धाकटे शेठ व्यवस्थापनशास्त्राची पदवी घेऊन परतले होते, आणि पदवी घेतलेल्या चिरंजीवांस वडिलांच्या धंद्यात प्रथम जी गोष्ट खुपते ती म्हणजे धंदा कोणा एकाच्या डोक्यात असणे. अण्णांच्या नोंदवह्या एका होतकरू तरुणाकडून स्प्रेडशीटमध्ये उतरविण्यात आल्या. स्प्रेडशीटला अण्णांची विद्या कोठून असणार! तिने शून्याने आरंभ होणाऱ्या क्रमांकांचे आद्य शून्य निरुपयोगी समजून छाटून टाकले, ३-१२ असा एक किरकोळ क्रमांक होता त्याची तारीख करून ठेविली, आणि टाटांच्या गाड्यांचे बारा अंकी क्रमांक संक्षेपाने 'ई अधिक अकरा' असे लिहून शेपटीकडचे सगळे अंक गिळून टाकले. त्यामुळे पंपापासून पाट्यापर्यंत ज्या वस्तूंचे तोंडही एकमेकींशी मिळत नव्हते, त्या एकाच क्रमांकाच्या छत्राखाली सुखाने नांदू लागल्या. उलटपक्षी एकच फिल्टर मध्ये आडवी रेघ दिलेला, न दिलेला, जागा सोडलेला आणि शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' असलेला असा चार रूपांनी प्रकट झाला व प्रत्येक रूपाचा साठा निरनिराळा दिसू लागला. वंशावळीसाठी त्या सॉफ्टवेअरात 'पर्यायी क्रमांक' नावाचा एकच रकाना होता. आणि त्याच्या मते अ जर ब चा पर्याय, तर ब हा अ चा पर्याय असलाच पाहिजे. सबब बाप मुलाच्या जागी बसविण्यात आला. दोन छिद्रे जुळली, तिसरे जुळले नाही, आणि गाडीचे मालक, जे दुर्दैवाने वकील होते, दोन तास स्टुलावर बसून राहिले.

अण्णांनी या सर्व काळात चकार शब्द काढला नाही. ते केवळ चष्मा पुसत राहिले, आणि ज्यांनी त्यांना चष्मा पुसताना पाहिले आहे त्यांस त्याचा अर्थ ठाऊक आहे. पुढे पुढे तर त्यांस यंत्राची गोडीच लागली, मात्र स्वतःच्या अटींवर. वस्तूच्या नावाच्या रकान्यात ते 'मागल्या रॅकवरचा जाड बुश', 'तोच, पण लोकल' आणि 'परत आलेला, कोणास देऊ नये' अशा नोंदी करू लागले. पहिल्या तिमाहीचा तपशील पाहून धाकट्या शेठांनी घाबऱ्या घाबऱ्या विचारले, "अण्णा, फिल्टर उणे तीन कसे असू शकतात?" वस्तुतः त्यात गूढ काही नव्हते. नाना पेठेतला पोऱ्या सकाळी स्कूटरवरून माल टाकून जातो, दुपारी तो गाडीला लागतो, आणि खरेदीचे बिल मात्र आपल्या सवडीने चौथ्या दिवशी येते. तोवर जमा नसलेल्या मालाचा खर्च पडलेला असतो. अण्णांनी हे सारे एका वाक्यात आटोपले: "गाडीला बसलेत, धाकटे शेठ; कागदाला बसायचे राहिलेत."

एकदा एक निवृत्त मुख्याध्यापक आपली प्रीमियर पद्मिनी ढकलीत घेऊन आले. कुर्ल्याला जन्मलेल्या या गाडीची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ साली निवृत्त झाली; पण मुख्याध्यापकांची पद्मिनी हट्टाने हयात होती आणि तिला ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे किट हवे होते. संगणकाने 'आयटम अस्तित्वात नाही' असा निवाडा दिला. अण्णांनी स्टूल घेतले, माळ्यावर हात घातला आणि पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते अस्तित्वात नसलेले किट खाली आणले. प्रश्न बिलाचा उरला. कारण जे नाही ते विकू देण्यास सॉफ्टवेअर राजी नव्हते. अण्णांनी फार पूर्वीच अशा प्रसंगांसाठी 'इतर किरकोळ' नावाचे एक खाते उघडून ठेविले होते. त्यात आजवर माळ्यावरच्या कितीतरी पुड्यांचा निचरा झाला होता. किटही तेथेच गेले.

मार्चअखेरीस सॉफ्टवेअरने आपण होऊन अहवाल सादर केला. गॅरेजात वर्षभरात सर्वाधिक खपलेली वस्तू 'इतर किरकोळ' असून तिचा साठा धोक्याच्या पातळीखाली, उणे चारशे नगांवर, गेला आहे. सबब तातडीने खरेदी करावी, असा त्याचा लाल अक्षरांत अभिप्राय होता. धाकट्या शेठांनी तो कागद जाळीतून आत सरकवून विचारले, "हे मागवायचे कोठून?"

अण्णांनी कागद दोनदा वाचला, त्यावर लाल शाईची बरोबरची खूण केली आणि म्हणाले, "नाना पेठेत मिळेल. नगास पाच टक्के सूट मागा."