फूटरमधले आम्ही

जागेचं महत्त्व बिदरकरांना कुणी शिकवू नये. १ नोव्हेंबर १९५६ला उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद राहिले इकडेच. सोयरीक चालू राहिली, फक्त पाव्हणे परराज्यातले झाले. कागदावर कोण कुठे येतो याने काय फरक पडतो, हे आम्हाला सत्तर वर्षांपासून ठाऊक आहे.

तरीही व्यापाऱ्यांच्या एका संघटनेने आपल्या वेबसाइटवर आमच्या बिदरी वस्तूंच्या दुकानाची लिंक दिली ती फूटरमध्ये, म्हणजे पानाच्या अगदी तळाशी. वर सिमेंट, खाली कोचिंग क्लास, शेजारी ‘अटी व नियम’. तक्रार केली तर पदाधिकारी म्हणाले, ‘‘लिंक ती लिंक. वर काय, खाली काय?’’ हेच गृहस्थ पुतणीच्या लग्नपत्रिकेत आपलं नाव ‘आपले विनीत’मध्ये चौथं आलं म्हणून जेवायला थांबले नव्हते.

त्यांची बाजू अगदीच खोटी नाही. १९९८मध्ये गुगलच्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी लिंकांवरून पानाचं वजन ठरवणारा ‘पेजरँक’ मांडला, तेव्हा पानाचं वजन त्यावरच्या सगळ्या लिंकना सारखंच वाटलं जाई. वरच्याला जेवढं, खालच्याला तेवढंच. अशी समता फार टिकत नाही. २००४मध्ये गुगलने पेटंटसाठी अर्ज केला, २०१०मध्ये ते मिळालं. त्यात म्हटलंय की लिंक कुठे आहे, अक्षर केवढं आहे, रंग कोणता आहे, हे पाहून वाचक तिच्यावर क्लिक करील का याचा अंदाज बांधावा आणि त्या मानाने वजन द्यावं. ‘अटी व नियम’च्या शेजारी कोण क्लिक करणार, हा अंदाज बांधायला पेटंट लागत नाही. मात्र पेटंट आहे म्हणजे गुगल ते तसंच्या तसं वापरतं, असं नव्हे.

ही फट हेरून एक तज्ज्ञ दुकानात आले. फूटरची लिंक वाया, मजकुरातली लाखमोलाची, म्हणाले. आणि गुडघेदुखीवरच्या लेखात आमची लिंक बसवण्याचा भाव सांगितला. अशाच विकतच्या लिंकांवर गुगलने एप्रिल २०१२मध्ये अशा साइटना खाली ढकलणारा ‘पेंग्विन’ नावाचा अल्गोरिदम सोडला होता, हे सांगितल्यावर त्यांनी भाव कमी केला.

मग कळलं, संघटनेने आमच्या लिंकला ‘नोफॉलो’ही लावलंय. ‘या दुकानाची शिफारस आम्ही करतोय असं समजू नये’ अशी गुगलला दिलेली ही सूचना. वर्गणी मात्र त्यांनी पूर्ण घेतली आहे.

जागेचा असाच, दुकानांच्या पाट्यांचा प्रश्न आमच्या कर्नाटक सरकारने २०२४मध्ये कायद्याने मिटवला : साठ टक्के कन्नड, तीही वरच्या अर्ध्या भागात. गुगल असा आकडा कधीच सांगत नाही. म्हणून तर तज्ज्ञांचं पोट भरतं.

तेव्हा ज्यांना आमची लिंक द्यायची आहे त्यांना नम्र विनंती. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदी जडवून झाल्यावर बिदरच्या किल्ल्यातल्या मातीनेच तो काळा रंग चढतो, हे ज्या वाक्यात लिहाल त्या वाक्यात द्या. ते वाचणाऱ्याला दुकान बघावंसं वाटेल, आणि वजन मिळायचंच असेल तर तिथेच मिळेल. तसं वाक्य लिहायचं नसेल, तर लिंक देऊ नका. फूटरमध्ये आम्ही आधीच आहोत.