पॉमेरियन पाळावा कसा: डोंबिवलीकरांसाठी प्राथमिक पाठ

वन-बीएचकेत लॅब्रडॉर मावत नाही, म्हणून पॉमेरियन घ्यावा, असा हिशोब ठाण्यापासून कल्याणपर्यंत घरोघरी मांडला जातो. हिशोब चौरस फुटांचा असल्याने तो बरोबरही येतो. नवशिक्याने एवढंच ध्यानात घ्यावं, की पॉमला जागा कमी लागते. वेळ मोठ्या कुत्र्याइतकाच लागतो. आणि डोंबिवलीच्या घरात जागेहून जास्त टंचाई कशाची असेल, तर ती वेळेची. तरीही हौस असेल तर पुढे वाचावं.

आधी आपण नक्की काय घेतोय ते पाहावं. 'मिनिएचर आहे साहेब, एवढंच राहणार' असं म्हणत विक्रेता पिल्लू तळहातावर ठेवतो. तळहाताकडे बघू नये, पिल्लाची आई दाखवायला सांगावी. खरा पॉमेरियन साधारण दीड ते सव्वातीन किलोचा. आपल्याकडे पॉम म्हणून जो नांदतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. जर्मन स्पिट्झचा हा भारतीय वंशज, आणि त्याची लहान जातसुद्धा पाच ते सात किलो भरते. 1994 च्या 'हम आपके हैं कौन'मधला चिठ्ठी पोचवणारा टफी याच कुळातला. तेव्हा गणपतीत आणलेलं 'मिनिएचर' पाडव्याला वजनकाट्यावर सहा किलो दाखवू लागलं तर रडू नये. स्पिट्झ आपला उकाडा पॉमपेक्षा बरा सोसतो. तसा खुद्द पॉमही पूर्वी चांगला थोराड असे. व्हिक्टोरिया राणीने 1888 साली फ्लॉरेन्सहून लहान चणीचा पॉम नेला आणि मग लहान पॉमची फॅशन आली. राणीकडे कुत्र्याला फिरवायला माणसं होती, हे विसरू नये.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं 2017 च्या नियमांनी बंद आहे. 'पंचवीस दिवसांचं आहे, लवकर लळा लागतो' असं कोणी म्हणालं, तर तिथूनच परत फिरावं. आणि 2003 ची मोबाइलची जाहिरात आठवून कोणी पग सुचवलाच, तर त्याला मे महिन्यात दुपारी कल्याण स्टेशनचा जिना चढायला लावावा, तोही नाक चिमटीत धरून. चपट्या नाकाचं कुत्रं एरवीही असाच श्वास घेतं.

पिल्लू घरी आलं, की घरातली माणसं शिकू लागतात. बेल वाजल्यावर भुंकायचं हे पॉमला शिकवावं लागत नाही. शेजारच्या बेलचं कामही तो फुकटात करतो. आपण वरून ओरडलो, की त्याला वाटतं मालकांनीही कोरस धरला. त्यापेक्षा बेल वाजली की आपल्या चटईवर जाऊन बसायचं आणि खाऊ घ्यायचा, ही सवय लावावी. चिकाटीने केलं तर लागते. दरम्यान सोसायटीच्या सभेत ठराव येईलच. घाबरू नये. कुत्रा पाळायला किंवा लिफ्टमधून न्यायला सोसायटी बहुमतानेही बंदी घालू शकत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 2015 मध्ये स्पष्ट केलंय. मात्र लिफ्टमधली शू पुसायला मंडळाचा माणूस येत नाही. खिशात जुना पेपर आणि पिशवी ठेवावी. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लशीचं सर्टिफिकेट फाइलला लावावं. सेक्रेटरींना कागद दाखवला की त्यांचा आवाज खाली येतो.

मराठी घरातल्या पॉमचा पिढीजात आहार म्हणजे दूधपोळी. तो पिढ्यान्‌पिढ्या चुकीचा आहे. अनेक कुत्र्यांना दूध पचत नाही आणि निकाल सोफ्याखाली सापडतो. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट हे तर कुत्र्याला विषच. म्हणजे प्रसादाच्या शिऱ्यातला मनुकाही नको, रश्श्यात बुडवलेला पोळीचा तुकडाही नको. 'एवढ्याने काय होतंय' असं घरात कोणीतरी म्हणणारच. तीन किलोच्या जिवाला एवढ्यानेच होतं.

पट्टा गळ्यात बांधू नये, छातीभोवतीचा घ्यावा. या जातीची श्वासनलिका नाजूक असते. गुडघ्याची वाटीही पटकन सरकते, म्हणून सोफ्यापाशी एक पाट ठेवावा. केस विंचरताना वरवर ब्रश फिरवून फोटो काढणं म्हणजे विंचरणं नव्हे. बोटांनी केस फाकवून कातडी दिसेपर्यंत जावं. गुंता कानामागे आणि काखेत लपलेला असतो, गोचीडही तिथेच. उकडतंय म्हणून त्याचं चकोट करू नये. वरचा केसांचा थर उन्हापासून राखतो आणि एकदा भादरल्यावर तो पूर्वीसारखा येईलच असं नाही. त्यापेक्षा सकाळी सातच्या आत फिरवून आणावं. पावसाळ्यात रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून नेऊ नये, त्यात उंदरांचं मूत्र असतं आणि त्यातून लेप्टो होतो. त्याची लस चुकवू नये. दिवाळीच्या पहाटे फडके रोडला खुशाल जावं, पण याला घरी ठेवावं, खिडक्या लावून, टीव्ही मोठा करून, आणि शक्यतो सोबत कोणीतरी ठेवून.

हे 'कोणीतरी' म्हणजेच खरा मालक. हट्ट करणारा मुलगा क्लासला असतो, पैसे भरणारे बाबा दिवा स्टेशनच्या पुढे लोकलला लोंबकळत असतात. पॉम साधारण बारा ते सोळा वर्षं जगतो. आज दहावीत असलेला मुलगा तोवर पुण्यात किंवा जर्मनीत असेल आणि व्हिडिओ कॉलवर पॉमचं तोंड दाखवायला सांगेल. म्हणून टोकन देण्याआधी एकच करा. सकाळी अकरा वाजता तुमच्या घरात कोण असतं ते आठवा, आणि कुत्रा हवा की नको हे त्या माणसाला विचारा.