वॉटरप्रूफ है जी!

मराठी पायाची सगळी शिकवण पावसाळ्यातली. शाळेत प्लॅस्टिकच्या सँडल, कॉलेजात फ्लोटर्स, सायकलवर बहुधा स्लिपरच. पाणी पुढून आत शिरते, मागून निघून जाते, कुणाचे कुणाशी भांडण नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाला पाय ओला होण्याची भीती नसते, ओला राहण्याची असते. एवढ्या भांडवलावर मी हिवाळ्यात नोएडाला साडूंकडे उतरलो.

साडूभाऊ ब्रेव्हे करतात. सायकलवर दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, चारशे सत्तावीस तासांत, सहाशे चाळीस तासांत, असे हे प्रकरण असते. नियम ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या फ्रेंच क्लबाचे आणि गुडघे आपले. पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत पोचलात की मेडल मिळते, तेही वेगळे पैसे भरून. हे सगळे स्वखुशीने करणाऱ्या माणसाने रात्री जेवताना जाहीर केले, "लोहरीच्या दिवशी मुरथलला पराठे खायला जाऊ. सायकल माझी, बूट तुमचे."

"माझे आहेत ना बूट."

साडूभाऊंनी माझ्या जाळीदार बुटांकडे पाहिले आणि भाजीचे भांडे माझ्याकडे सरकवले. भाजी संपेपर्यंत व्याख्यान चालले. सफदरजंगच्या वेधशाळेत १६ जानेवारी १९३५ला पारा उणे ०.६ पर्यंत गेला होता. आता इतका जात नाही, पण पहाटे तीन-चार अंश ठरलेले. त्यात पंचवीसच्या वेगाने निघालात की समोरचा वारा तुमचाच. मांड्या आणि पोटऱ्या राबतात, त्यांना ऊब मिळते. पाऊल मात्र पेडलवर नुसते टेकलेले असते, काम करत नाही आणि सगळा वारा खाते. शरीरही मोठे हिशेबी. थंडी वाजली की आधी पायाच्या बोटांचा रक्तपुरवठा कापते. शिवाय सायकलचे बूट केलेले असतात उन्हाळ्यासाठी, पुढे जाळी, तळाला भोके आणि त्या भोकांतून बूट पेडलला अडकवणाऱ्या क्लीटचे लोखंडी स्क्रू थेट तळव्यापर्यंत. "म्हणजे थंडीला वेगळा दरवाजाच करून दिलाय," असे म्हणून त्यांनी ताक मागितले. जानेवारीत.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने झंडेवालान. हा भाग सायकलींच्या दुकानांनी भरलेला आहे. फुटपाथवर लहान मुलांच्या गुलाबी सायकली आणि आत काचेमागे अशा सायकली, की त्यांची किंमत विचारण्याआधी माणूस सहज म्हणून आपला मोबाइल बाहेर काढतो. जवळच पहाडगंजात नूतन मराठी शाळा आहे. तिथून आलेल्या कुणाशी गाठ पडून घासाघीस मराठीत करता येईल अशी मला आशा होती. दुकानदार सरदारजी निघाले.

"विंटर का चाहिए? ये लो. वॉटरप्रूफ है जी."

पुरावा म्हणून त्यांनी आपल्या पिण्याच्या बाटलीतले पाणी बुटावर ओतले. पाणी ओघळून गालिच्यावर गेले. सरदारजी प्रसन्न झाले. साडूभाऊंनी मात्र जीभ वर करून पाहिली, म्हणजे बुटाची. जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली नसेल तर वरचे कापड कितीही वॉटरप्रूफ असो, लेसच्या फटीतून पाणी आत येणारच. ही नव्हती शिवलेली. पुढचा बूट.

खरा वॉटरप्रूफ बूट गोर-टेक्सचा, असे साडूभाऊंचे मत. त्याची जन्मकथा मला फार आवडली. १९६९मध्ये अमेरिकेत बॉब गोर नावाचे गृहस्थ टेफ्लॉनच्या जातीची कांडी तापवून हळूहळू ताणत होते आणि ती दर वेळी तुटत होती. शेवटी त्यांनी वैतागून एकदम हिसडा मारला. कांडी तुटली नाही, भलतीच लांब झाली, आणि तिच्या अंगात इतकी सूक्ष्म छिद्रे तयार झाली की घामाची वाफ बाहेर जाते पण पाण्याचा थेंब आत येत नाही. आमच्या घरात वैतागून मारलेल्या हिसड्यांतून आजवर फक्त कपाटाचे हँडल निघाले आहे.

तर शिमानोचा गोर-टेक्सवाला हिवाळी बूट आहे का? "मँगवा देंगे." कधी? "पंद्रह दिन, महीना." दिल्लीची थंडी तोवर आवराआवरीला लागते. अमेरिकेतल्या मिनेसोटात तर पंचेचाळिसाव्या अक्षांशावरून नाव घेतलेली एक कंपनी बर्फात सायकल चालवणाऱ्यांसाठीच बूट करते. दिल्ली साडेअठ्ठाविसाव्या अक्षांशावर, मी साडेअठराव्या. किंमत ऐकल्यावर मला आपला अक्षांश एकदम पटला.

करोल बागेकडे चालत निघालो, तर एका गल्लीत तोच गोर-टेक्सवाला बूट ढिगाने पडलेला. किंमत दहा टक्केसुद्धा नाही. साडूभाऊंनी लेबल वाचले. टेक्सचे टॅक्स झाले होते. बिलात तेवढा तो नव्हता.

काश्मीरी गेटजवळच्या मोनेस्टरी मार्केटात मात्र खरे ज्ञान मिळाले. तिथे तिबेटी लोकांची लोकरीची दुकाने आहेत. मी मोज्यांचे दोन जोड मागितले, एकावर एक घालायला. दुकानातल्या बाईंनी माझे बूट पाहिले आणि एक जोड परत ठेवून दिला. "जूता इतना ही रहेगा तो दो मोज़े में ठंड ज़्यादा लगेगी." खरेच आहे. आवळलेल्या पायात रक्त फिरत नाही, आणि ऊब लोकरीपेक्षा लोकरीत अडकलेल्या हवेची असते. ती हवाच चेपून टाकली तर लोकरीने करावे काय? गिऱ्हाइकाला एक वस्तू कमी विकणारा दुकानदार मी दिल्लीत पाहिला, हे लिहून ठेवतो, पुढे कुणी विश्वास ठेवणार नाही.

मग निर्णय झाला. एक नंबर मोठे, घोट्याच्या वर येणारे साधे चामडी बूट, जाड लोकरीचे मोजे, आणि सायकलला क्लीटवाल्यांऐवजी सपाट पेडल. ते सपाट पेडल आपल्याला दिसू नये म्हणून साडूभाऊ दुसरीकडे बघत बसवत होते. राहिला वारा. त्याचा बंदोबस्त मेहुणीने केला. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन वाळवलेल्या होत्याच. मराठी घर नोएडात असले म्हणून पिशवी फेकत नाही. मोज्यावर पिशवी, पिशवीवर बूट. "परत आणा," ती म्हणाली.

लोहरीच्या पहाटे निघालो. यमुना ओलांडून आझादपूर, मुकरबा चौक, सिंघू. याच सिंघू सीमेवर २०२०-२१चा हिवाळा शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये काढला होता. मी पिशवीतल्या बोटांची तक्रार करत होतो, ती तिथे बंद केली.

धुके असे, की ट्रकचे मागचे दिवे तेवढे दिसत, ट्रक आपण समजून घ्यायचा. पाऊस नव्हता, तरी हेल्मेटच्या कडेवरून पाणी ठिबकत होते. तेच पाणी साडूभाऊंच्या पँटवरून पोटरीवर, पोटरीवरून घोट्यावर, आणि घोट्यावरून त्यांच्या परदेशी बुटात वरच्या तोंडाने गेले. वॉटरप्रूफ बुटाचा गुण असा की आत गेलेले पाणीही तो बाहेर सोडत नाही. कुंडलीपर्यंत त्यांच्या पायांत दोन भरलेले तांबे होते. माझी बोटे पिशवीत घामाने उकडून निघाली होती, म्हणजे ओली तीही होती, पण गरम ओली. या विषयात यापलीकडे सुख नाही.

राईच्या पुढे एक म्हातारेबाबा काळ्या ॲटलास सायकलवर, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावून भेटले. ॲटलास १९५१पासून इथलीच, सोनीपतची. साहिबाबादचा तिचा कारखाना २०२०च्या ३ जूनला बंद पडला, नेमक्या जागतिक सायकल दिनी. सायकल अजून चालू होती. बाबांच्या पायांत कापडी बूट, आत पिशवी. आमचीच जात! मी विचारले, पाय गारठत नाहीत?

"ठंडे हो ज्यावैं सैं तो उतर के पैदल चालूँ सूँ."

दोनशे पावले चालले की पायात रक्त येते. मीही उतरलो आणि त्यांच्याबरोबर चाललो. पाय खरेच जागे झाले. साडूभाऊंना उतरता येईना. त्यांच्या बुटाखालचे क्लीट डांबरावर घसरत होते. ते आमच्याभोवती सावकाश सायकल फिरवत कार्बन सोलचे फायदे सांगत राहिले.

मुरथलच्या ढाब्यावर लोणी पराठ्याहून जाड येते. अंगणात संध्याकाळच्या लोहरीची लाकडे रचून ठेवलेली होती. साडूभाऊंनी वेटरला विचारले, आत्ताच पेटवता येईल का? "शाम को जी." मग त्यांनी बूट काढून उपडे केले आणि गल्ल्यावरून जुना पेपर मागून त्याचे बोळे आत कोंबले. हा उपाय जगभरचे सायकलवाले करतात. पेपर ओल शोषतो. तास-दोन तासांनी बोळे बदलायचे. हरियाणाचे सगळे राजकारण एका बुटात मावले.

तिसऱ्या पराठ्यानंतर त्यांना हुरूप आला. "पुढे चाळीस किलोमीटरवर पानिपत. जगभरचे टाकून दिलेले स्वेटर तिथे येतात आणि त्यांची ब्लँकेटं होतात. एक घेऊन येऊ. पायावर घ्यायला."

"बूट वाळायला किती वेळ लागेल?"

"दुपार होईल. म्हणजे आज जाऊन परत यायचं जमणार नाही. रात्री तिथेच मुक्काम, आणि सकाळी निघू."

"आज तेरा जानेवारी," मी म्हणालो.

साडूभाऊ थोडा वेळ बुटातल्या पेपरकडे बघत बसले. मग त्यांनी बिल मागवले.