फाळक्यावरचं इंग्रजी

२०१५ साली एप्रिल सरता सरता महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी मालट्रकच्या फाळक्यावरून तीन शब्द हद्दपार केले. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायचं नाही. ते वाचून मागचा चालक उगाच हॉर्न वाजवतो आणि ध्वनिप्रदूषण वाढतं, असा निष्कर्ष निघाला होता. मराठी चालकाच्या साक्षरतेवर इतका विश्वास आजवर कोणी दाखवला नव्हता. म्हणजे मागचा माणूस आधी फाळका वाचतो, त्यावरच्या इंग्रजीचा अन्वयार्थ लावतो, शेवटच्या 'प्लीज'ने विरघळतो आणि केवळ शब्द मोडवत नाही म्हणून हॉर्न दाबतो. पुढे ट्रकच नसताना, सिग्नल लाल असताना आणि इस्पितळाच्या दारात तो जो वाजवतो, तो मग पाठांतरातून वाजवत असणार.

त्याच फाळक्यावर 'स्टॉप' असतं. ते वाचून कोणी थांबल्याचं ऐकिवात नाही. 'कीप डिस्टन्स' इतक्या बारीक अक्षरांत असतं, की वाचायचं तर डिस्टन्स मोडावं लागतं. 'यूज डिपर अ‍ॅट नाइट'चं नशीब मात्र पुढे फळफळलं. टाटा मोटर्सने ट्रकचालकांसाठी 'डिपर' नावाचे निरोध काढले. रात्री डिपर वापरला जाण्याची शक्यता त्यामुळे प्रथमच निर्माण झाली.

मधल्या 'ओके'बद्दल विद्वानांत मतभेद आहेत. युद्धकाळात रॉकेलवर चालणाऱ्या ट्रकवर 'ऑन केरोसिन' लिहीत, त्याचं ते लघुरूप, असं एक मत. टाटांच्या ओके साबणाची ती जाहिरात, असं दुसरं. मला विचाराल तर फाळका रुंद होता, शब्द दोनच होते आणि पेंटरला मधली जागा बघवेना.

व्यावसायिक वाहनाच्या लायसनसाठी आठवी पास असण्याची अट होती. २०१९ मध्ये केंद्राने ती काढायचं ठरवलं. या धंद्यात सुमारे २२ लाख चालकांची टंचाई आहे, असं तेव्हा सांगण्यात आलं. अट गेली ते बरंच झालं. खंबाटकीचा घाट उतरताना आठवीचा भूगोल कामाला येत नाही. पण ज्याला वाचता येण्याची सक्ती नाही, त्याला वाचायला काय दिलं आहे? दारावर 'आरएलडब्ल्यू' आणि 'यूएलडब्ल्यू', खिशात ई-वे बिल, काचेवर फास्टॅग आणि मोबाइलवर ई-चलनाचा मेसेज. एवढं इंग्रजी एमपीएससीच्या परीक्षेलाही पडत नसेल.

मराठीचा आग्रह धरावा, तर तिकडे सरकारी मराठी दबा धरून बसलेली. लायसनला ती 'अनुज्ञप्ती' म्हणते. हा शब्द उच्चारता आला तर चालक शुद्धीत आहे असं समजून सोडून द्यावं, श्वास फुंकायचं यंत्र लागणार नाही. बांधकाम खात्याच्या पाट्या अजून 'वाहने सावकाश हाका' असं सांगतात. सहा सिलिंडरचं इंजिन आलं, १ एप्रिल २०२० पासून नवी गाडी बीएस-सहा झाली, तरी पाटीवाल्याच्या डोळ्यांपुढून बैलजोडी काही हलत नाही. आणि 'आरसी बुक' तर प्लॅस्टिकचं कार्ड होऊनही बुकच राहिलं.

या दोन भाषांच्या मधून ज्यांना रोज गाडी काढायची असते, त्यांनी तिसरीच भाषा केली. तिच्यासाठी समिती नव्हती, म्हणून ती झाली. टेम्पो घ्या. हा जर्मनीतल्या एका कंपनीचा छाप. बजाज टेम्पोने तीनचाकी इथे बनवायला घेतली आणि छापाची जात झाली. पुढे २००५ मध्ये कंपनीने आपलं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, नावातला टेम्पो काढून टाकला. लोकांनी काढला नाही. आजही कुठल्याही कंपनीची गाडी असो, घर बदलायचं म्हटलं की टेम्पोच येतो.

स्टेपनीचं गाव तर वेल्समध्ये आहे. लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक काढलं. पंक्चर झालेल्या चाकाला ते बांधायचं आणि घर गाठायचं. तिकडच्या इंग्रजांना हा शब्द विचारलात तर ते लंडनच्या एका वस्तीचा पत्ता सांगतील. आपल्याकडे पंचरवाल्याच्या पोराला तो कळतो, आणि गावच्या पारावर त्याचा दुसरा अर्थही कळतो, तो इथे देत नाही.

वाळूच्या धंद्याने तर थेट आंतरराष्ट्रीय भाषाशास्त्राला हात घातला. टिपरचा हौदा उचलणारी यंत्रणा बनवणारी हायवा ही नेदरलँडची कंपनी. आपल्या वर्तमानपत्रांत रोज कुठला तरी 'हायवा' महसूल पथक पकडतं. नदीपात्रात उतरतं ते 'पोकलेन', मूळ फ्रेंच कंपनीचं नाव. काठ कोरतो तो 'जेसीबी', म्हणजे इंग्लंडातल्या जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांची आद्याक्षरं. डच, फ्रेंच आणि इंग्रज असे तिघे मिळून गोदावरी उपसतात आणि पंचनाम्यात मात्र 'अज्ञात इसम' लिहिलं जातं. अस्सल देशी नाव काय ते २००५ साली आलेल्या टाटा एसच्या वाट्याला आलं. तिला लोकांनी 'छोटा हत्ती' म्हटलं. कंपनीच्या इंग्रजी माहितीपत्रकात वहनक्षमतेचा जो तक्ता असतो, तो या दोन शब्दांत आटोपला.

ही भाषा कामाची असते, तिच्यात लपायला जागा नसते. लपायचं असेल तर मोठं इंग्रजी लागतं. समृद्धी महामार्गावर अपघात होऊ लागले तेव्हा आपल्याला 'हायवे हिप्नोसिस' हा शब्द मिळाला. ७०१ किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर डोळे उघडे ठेवून माणूस संमोहित होतो. असेलही. पण नागपूर-शिर्डीचा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हा वाटेत ट्रक बाजूला लावून चहा प्यावा, दोन तास आडवं व्हावं अशी धड सोय नव्हती. याला मराठीत 'झोप' म्हणतात. झोप म्हटलं की 'का नाही घेतली' हा प्रश्न येतो. हिप्नोसिस म्हटलं की गर्दी आदराने पांगते.

'ब्रेक फेल'चंही तसंच. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर गाड्यांचे ब्रेक जितके फेल होतात, तितकी मुलं दहावीला होत नाहीत. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, मालकाने डिझेल तोलून दिलं होतं, माल क्षमतेहून जास्त होता आणि रस्त्याचा उतार मुळातच आडमुठा होता, एवढं कोण लिहीत बसणार? त्या जागेला 'ब्लॅक स्पॉट' म्हणायचं, फलक लावायचा, की ती जागा अपघातांच्या नावे सातबारावर चढल्यासारखी होते. खोपोली-कुसगाव रस्त्याचं सरकारी नाव 'मिसिंग लिंक'. त्याच्या तारखा इतक्यांदा हुकल्या, की नाव ठेवणाऱ्याची दूरदृष्टी वाखाणावी.

एका इंग्रजी शब्दाने मात्र राज्याला घाम फोडला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, जीव घेऊन पोलिसांना न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. जानेवारी २०२४ उजाडताच 'हिट अँड रन'विरुद्ध चालकांनी स्टिअरिंग सोडलं आणि दोन दिवस अख्खा मध्यमवर्ग पेट्रोल पंपावर रांगेत उभा राहिला. चालकाचं म्हणणं एवढंच होतं, की थांबलो तर जमाव मारतो आणि पळालो तर कायदा. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, हे पोटकलम तेवढं बाजूला ठेवून. म्हणजे कायद्यालाही न्यूट्रल असतो.

आता ताजी सुधारणा. २०२५ मध्ये नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. हे मनापासून चांगलं झालं, यात चेष्टा नाही. मे महिन्यात जळगाव ओलांडताना इंजिनाशेजारी बसून पाहावं. काचा बंद, आत गारवा, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, त्यामुळे फाळक्यावर काय लिहिलंय याचा वादच मिटला.

अडचण फक्त नाक्यावर येते. तिथे जो शब्द चालतो तो कुठल्या फाळक्यावर नाही, परिपत्रकात नाही, अनुज्ञप्तीवरही नाही. पण आठवी नापास चालकापासून बदलीवर आलेल्या साहेबापर्यंत सगळ्यांना तो एकाच अर्थाने कळतो: 'एंट्री'. काठी वर झाली की ड्रायव्हर एसी चालू ठेवूनच काच दोन बोटं खाली घेतो. घडी केलेली नोट तेवढ्या फटीतून जाते, गारवा आतच राहतो.