लाल की निळा?

"काय गं, ही डॉक्टरेट करतेय की रोजनिशी लिहितेय?" मेथी खुडता खुडता काकूंनी कुंपणावरून पहिला चेंडू टाकला. "रात्री साडेअकराला खोलीत दिवा. विचारलं तर म्हणते, 'मावशी, आज खेळाडू गप्प झाला तेव्हा मी घाईनं का बोलले ते लिहितेय.' आता बोललीस तर बोललीस! त्याचं काय एवढं?"

ही म्हणजे काकूंची सांगलीची भाची. इथे लिव्हरपुलात क्रीडा-मानसशास्त्रात प्रोफेशनल डॉक्टरेट करते आणि काकूंच्या वरच्या खोलीत राहते. मीही याच विषयातल्या मुलांची गाईड. तिचं विद्यापीठ वेगळं आणि माझं वेगळं म्हणून बरं, नाहीतर या विषयावर मी कुंपणाशी उभीसुद्धा राहिले नसते.

"काकू, तेच तर तिचं काम. पीएचडीवाल्याचा एक जाडजूड प्रबंध असतो. हिला गाठोडंच द्यायचंय. खेळाडूंबरोबर केलेल्या कामाचे वृत्तांत, एकदोन संशोधनं, आधीच्या संशोधनाचा आढावा, तासांची नोंदवही आणि वर ही रोजनिशी. मी परीक्षक म्हणून गेले की आधी रोजनिशीच उघडते. खेळाडू जिंकला हे कुणीही रंगवून लिहितं. सल्ला फसला त्या रात्री पोरीनं काय लिहिलंय ते मला बघायचं असतं."

"म्हणजे गुडघा बघणार नाही ती?"

"नाही हो."

"आणि तरी डॉक्टर?" काकूंना हे फार लागलं. काका सर्जन. इथल्या रिवाजाप्रमाणे माणूस सर्जन झाला की नावापुढचं डॉक्टर जातं आणि मिस्टर लागतं. "जन्मभर पोटं फाडून हे मिस्टर, आणि ही बाई गप्पा मारून डॉक्टर!"

"गप्पा कसल्या? 'स्पोर्ट अँड एक्सरसाइज सायकॉलॉजिस्ट' हे नाव या देशात कायद्यानं राखलंय. एचसीपीसी या इथल्या नियामक संस्थेकडे नोंदणी नसताना ते लावून लोकांना फसवलं तर गुन्हा. गंमत म्हणजे नुसतं 'सायकॉलॉजिस्ट' राखीव नाही. ते उद्या तुम्हीही दारावर लावा."

"पाटीशिवायच करते मी ते. पण त्यात एक्सरसाइज कशाला?"

"खेळाडूच कशाला हवेत? हार्ट अटॅकनंतर चालायला भिणारी माणसं असतात, त्यांच्याबरोबरचं कामही यातच येतं."

यावर काकू जरा थबकल्या. बायपासनंतर काका जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर घाबरून बसत, ते मीही पाहिलंय. मग म्हणाल्या, "तेव्हा कुठे होतीस?"

होते की, इथेच. आमचं क्रीडाशास्त्र तर या गावातच वाढलंय. 1975 साली इथल्या पॉलिटेक्निकात, म्हणजे आताच्या जॉन मूर्स विद्यापीठात, क्रीडाशास्त्राची पदवी सुरू झाली. तिथल्या टॉम रायली यांनी 1976 साली एका सहकाऱ्याबरोबर फुटबॉलपटूंवर निबंध छापला. पद्धत अशी की स्टँडात बसायचं, एकाच खेळाडूवर नजर ठेवायची आणि टेपरेकॉर्डरात बोलत राहायचं: चालला, पळाला, मागे सरकला. त्यातून निघालं की सामन्यात खेळाडू सरासरी पावणेनऊ किलोमीटर हिंडतो आणि त्यातलं चेंडूसकट अंतर दोन टक्क्यांहूनही कमी.

"मग आपल्या मंडळाच्या गणपतीसारखंच की," काकू म्हणाल्या. "आरती दोन मिनिटं, धावाधाव दिवसभर."

हा निबंध मी वर्षानुवर्षं शिकवतेय, पण असं भाष्य एकाही विद्यार्थ्यानं केलेलं नाही.

"ते मोजमाप वगैरे ठीक," काकू मुद्द्यावर आल्या, "पण बर्मिंगहॅमला काय उपयोग झाला तुमच्या शास्त्राचा?"

हा विषय निघणारच होता. तिथल्या 2022च्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या बीडचा अविनाश साबळे स्टीपलचेस धावला, तेव्हा काकू स्टेडियमात शिट्टी घेऊन हजर होत्या. केनियाचा किबिवोट 8 मिनिटं 11.15 सेकंदांत आला आणि साबळे 11.20 मध्ये. पाच शतांश सेकंदांनी सोनं गेलं. काकू त्या केनियावाल्याचं नाव अजून घेत नाहीत.

"तेवढं काढता आलं नसतं?"

"काकू, 491 सेकंदांत पाच शतांश म्हणजे दहा हजारांतला एक भाग. आमच्या प्रयोगशाळेत प्राणवायू मोजायचा मास्क लावून माणूस आज पळवला आणि परवा पुन्हा पळवला, तर त्याच्याच आकड्यांत टक्का-दोन टक्क्यांचा फरक सहज पडतो. ज्या फरकानं पदक ठरतं तो आमच्या यंत्राला दिसतच नाही. आणि तसे धावपटू तरी किती? शंभर जण जमवून प्रयोग करा म्हटलं तर जगात शंभर नसतात."

"मग कोचला काय सांगता?"

खरं दुखणं तेच आहे. कोच शुक्रवारी विचारतो, त्याला उत्तर शनिवारी हवं. विद्यापीठाला तेच उत्तर तीन वर्षांनी चालतं, पण पुराव्यासकट. सिडनीच्या अॅरन कूट्स यांनी 2016 साली यावर लिहिलंय: क्लबात काहींनी मैदानावर झटपट काम करावं, काहींनी मागे बसून सावकाश. मोठ्या क्लबाला ते परवडतं. आमच्या विद्यार्थ्याला मात्र दोन्ही कामं एकट्यानंच रेटावी लागतात. त्यानं आधी निर्णय द्यायचा आणि मग रात्री बसून तो कशाच्या आधारावर दिला ते तपासायचं. पहिल्या वर्षी तर सगळ्यांच्या हाती एकच औषध असतं, 'डोळे मिटा आणि विजयाची कल्पना करा.' समोरच्याची आई आजारी आहे, घरभाडं थकलंय, तरी डोळे मिटा!

"आणि तू काय करतेस गाईड म्हणून?"

"फोन उचलते. पोरगं म्हणतं, खेळाडू रडला, दुखापतीच्या जागी पुन्हा लागेल म्हणून भितोय, आणि मॅनेजर विचारतोय, उतरवू का? मी उत्तर देत नाही. मी त्या खोलीत नसते. मी एवढंच विचारते की कुणाला काय सांगायचं हे तू पहिल्या भेटीत ठरवलं होतंस का? तुला नेमलंय क्लबानं, पण रडलाय खेळाडू. मॅनेजरच्या कानावर काय जाईल आणि काय जाणार नाही, हे त्या खेळाडूला रडायच्या आधी सांगायला हवं, नंतर नव्हे."

काकूंनी मान डोलावली आणि आवाज उतरवला. "हिचा खेळाडू कोण आहे गं?"

"मला कसं ठाऊक असणार?"

"नाव नको. क्लब सांग. लाल की निळा?"

लाल म्हणजे लिव्हरपूल, निळा म्हणजे एव्हर्टन. या गावात यापलीकडे तिसरी जात नाही.

"काकू, प्रबंधातसुद्धा नावं बदललेली असतात. कधी कधी तर अख्खा प्रबंध काही वर्षं कुलपात."

"मग वाचणार कोण? दोन परीक्षक आणि गाईड? त्यासाठी हिच्या बापानं कर्ज काढलंय!"

इथे मला बोलायला तोंड नव्हतं. पीएचडीला विद्यावेतन मिळण्याची आशा तरी असते. या डॉक्टरेटची फी मुलं बहुधा पदरचीच भरतात. वर क्लबात काम, तेही पुष्कळदा बिनपगारी, का तर 'अनुभव मिळतोय ना!' लाखोंनी खेळाडू विकत घेणाऱ्यांना मानसशास्त्राच्या पोरीला बसभाडं देणं जड जातं. माझ्या एका विद्यार्थ्यानं पहाटे दुकानात माल लावून डॉक्टरेट केली. मी क्लबांना पत्रं लिहिते, ते सुंदर उत्तरं पाठवतात.

"काहीच देत नाहीत?"

"देतात की. क्लबचं जॅकेट."

बोलले आणि जीभ चावली. काकूंची मेथी हातातच राहिली.

"जॅकेट? तरीच! तरीच ते पिशवीत घालून आणते आणि वाळतसुद्धा खोलीतच घालते!"

"काकू, अहो, तिचा व्यवसाय आहे तो, कुणाचं गुपित..."

"मी कुठे गुपित विचारतेय? मशीन लावायचंय, रंगीत कपडे वेगळे काढायला नकोत का?" म्हणत काकू जिना चढायला लागल्यासुद्धा.