सरळ रेषेचा बंदोबस्त
पीट मोंद्रियान या डच चित्रकाराने उभ्या-आडव्या काळ्या रेषा, तीन मूलरंग आणि थोडा पांढरा-करडा अवकाश यांखेरीज सृष्टीचा सर्व ऐवज आपल्या प्रौढ चित्रांतून बेदखल केला; परंतु १९४४ साली तो निवर्तल्यामुळे, १९६५ साली पॅरिसचे फॅशन-रचनाकार ईव्ह सँ लोराँ यांनी तीच चौकट लोकरी झग्यावर उतरवली, तेव्हा त्याचा जबाब नोंदवण्याची सोय उरली नव्हती. मानवी देहात सरळ रेषेची तजवीज विधात्याने केलेलीच नसल्याने (ही त्याची गफलत आधुनिकांना सदैव खुपते) अंगाची वळणे त्या काळ्या पट्ट्यांच्या शिवणींत बेमालूम दडवावी लागली. साधेपणा दिसावा म्हणून केवढी ही कारागिरी! पुढे नकलांचा सुळसुळाट झाला, आणि अस्सल साधेपणा ज्यांच्या ऐपतीबाहेरचा होता त्यांनाही तो स्वस्तात मिळू लागला.