ओठाला ओठ न लावता

जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने १९६९ साली ‘ला दिस्पारिसियाँ’ नावाची सुमारे तीनशे पानांची कादंबरी लिहिली आणि तीत रोमन लिपीतला ‘ई’ एकदाही येऊ दिला नाही. फ्रेंचमध्ये सर्वांत जास्त राबणारं अक्षर तेच. म्हणजे मिठाशिवाय लग्नाची पंगत उठवण्यातला प्रकार. गंमत अशी, की पेरेकच्या स्वतःच्या नावातच चार ‘ई’ आहेत.

हे ऐकल्यावर ‘आपल्याकडे हे आधीच होतं’ म्हणणारा कुणीतरी भेटतोच. या वेळी मात्र तो खरं बोलतोय. संस्कृत लेखक दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त या कुमाराचे ओठ प्रियेने चावलेत, ते मिटताना दुखतात, म्हणून तो आपली अख्खी गोष्ट ओष्ठ्य अक्षरं टाळून सांगतो. नियमाला इतकं रसाळ कारण पॅरिसवाल्यांना काही सुचलं नाही.

आपले मोरोपंत तर बारामतीचे सोवळे गृहस्थ, त्यांना कारणच लागलं नाही. त्यांच्या अष्टोत्तरशत रामायणांत एक निरोष्ठ आहे. प, फ, ब, भ, म वर्ज्य आणि लिहायचं काय, तर रामायण! रामाला दाशरथी म्हणून भागेल. लक्ष्मणाचं काय करायचं? सौमित्र म्हणावं तर तिथेही ‘म’ आडवा. भरत, बिभीषण, कुंभकर्ण सगळे दाराबाहेर. खाली ‘मोरोपंत’ अशी सही करायचीही सोय नाही.

हे व्रत एक दिवस घरात पाळून पाहावं म्हटलं. ‘व’ला मी सूट दिली, कारण त्याला ओठ टेकत नाहीत. तरी ‘मी’ गेला, ‘माझं’ गेलं, ‘पण’ गेला. मराठी लेखकाकडून हे तीन काढून घेतले तर तो बोलणार कशावर? त्यात बाजारातून भाजी आणायची पाळी माझी. मेथी, पालक, भोपळा, फ्लॉवर, सगळ्यांवरून मान फिरवत घरी आलो.

“काय आणलंस?”

“गवार, दोडका, कारली.”

“बटाटे सांगितले होते ना?”

“ते आज चालत नाहीत.”

“भेंडी तरी?”

“तीही नाही.”

“कोणी सांगितलं?”

“दंडीनं.”

“हा कोण आणखी?”

“जुना लेखक.”

बायकोने पिशवी ओट्यावर उपडी केली, एक कारलं उचललं आणि तीही नियमात राहून म्हणाली, “आज कारलंच खा. कच्चं.”